जहाजासोबत हलणारा पूल

क्रूझ टर्मिनलची इमारत आणि जहाज यांना जोडणारा बोर्डिंग ब्रिज दिसायला विमानतळावरच्या एरोब्रिजसारखाच असतो. पण विमान उभे राहिले की जागचे हलत नाही. धक्क्याला बांधलेले जहाज मात्र सतत हलते. भरती-ओहोटीबरोबर ते वर-खाली होते, दोरखंडांना ढील मिळाली की पुढे-मागे सरकते, जवळून दुसरे जहाज गेले की झुलते आणि जोराच्या वाऱ्याने धक्क्यापासून दूर रेटले जाते. त्यामुळे जहाजाला घट्ट न बांधता त्याला धरून राहील असा पूल उभारावा लागतो.

प्रत्येक जहाजाचा दरवाजा वेगळ्या जागी आणि वेगळ्या उंचीवर असतो. म्हणून पूल रुळांवर किंवा रबरी चाकांवर धक्क्याच्या लांबीने सरकतो. वाटेत दोर बांधायचे बोलार्ड आणि जहाजाच्या कुशीला टांगलेल्या लाइफबोटी चुकवाव्या लागतात. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये आघात झेलणारे फेंडर असल्याने तिथे फट राहते. ती सांधण्यासाठी पुलाचे टोकाचे केबिन पुढे-मागे सरकणारे असते.

खरी कसोटी उताराची असते. व्हीलचेअरसाठी सर्वसाधारणपणे १:१२ हा चढ कमाल मानला जातो, म्हणजे एक मीटर उंचीला बारा मीटर रॅम्प. मायामीत भरती-ओहोटीतला फरक एक मीटरहूनही कमी असतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत तो चार मीटरच्या पुढे जातो. पुलाचे जमिनीकडचे टोक मधल्या पातळीवर ठेवले, तरी दोन मीटर वर आणि दोन मीटर खाली जाण्यासाठी चोवीस मीटर लांबीचा रॅम्प लागतो. जहाजागणिक बदलणारी दरवाजाची उंची त्यात धरलेली नाही. म्हणून मोठ्या फरकाच्या बंदरांत रॅम्प नागमोडी वळवतात किंवा पुलाचा सांगाडाच उचलता-उतरवता येईल असा करतात.

पूल जहाजापर्यंत नेण्याचे काम ऑपरेटर जॉयस्टिकने करतो; अंतर मोजणारे सेन्सर त्याच्या मदतीला असतात. टोकाची फळी दरवाजाच्या उंबऱ्यावर टेकली, की पूल स्वतःच्या जोराने हलत नाही. तो जहाजाच्या हालचालीमागे जातो. त्याचा कोन आणि लांबी सतत मोजली जाते. ठरलेली मर्यादा जवळ आली की भोंगा वाजतो. ती ओलांडायच्या आत वाट रिकामी करून पूल मागे घ्यावा लागतो. वीज गेली तरी हे करता यावे, यासाठी पर्यायी व्यवस्था ठेवलेली असते.

पूल कितीही चांगला असला, तरी रांग बहुधा तपासणीपाशीच अडते. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची क्षमता प्रत्येक खोलीत दोघे धरल्यास ५,६१० प्रवाशांची आहे. इतके प्रवासी पाच तासांत चढवायचे तर मिनिटाला सुमारे एकोणीस जण आत गेले पाहिजेत. एकाच्या तपासणीला पंधरा सेकंद लागत असतील, तर अखंड चालणारे किमान पाच काउंटर हवेत. तीच तपासणी एक मिनिटापर्यंत लांबली, तर एकोणीस. म्हणून कागदपत्रे आधीच ॲपवर घेतली जातात, येण्याच्या वेळा वाटून दिल्या जातात आणि अनेक बंदरांत चेहरा पासपोर्टवरील छायाचित्राशी संगणकाने जुळवला जातो. मोठे सामान प्रवाशांच्या वाटेवर येतच नाही. क्ष-किरण तपासणीनंतर ते खालच्या दरवाजातून आत जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलमध्ये चेक-इन आणि इमिग्रेशनसाठी ७२ काउंटर आहेत, त्यामागे हेच गणित आहे.

जहाजाच्या दारात प्रत्येकाचे कार्ड पुन्हा वाचले जाते आणि पडद्यावर त्याचे छायाचित्र उमटते. या नोंदीतून जहाजावर नेमकी किती माणसे आहेत ते कळते. सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ करारानुसार निघण्यापूर्वी ही मोजणी बंधनकारक आहे. हिशेब जुळला की पूल मागे घेतला जातो, जहाजाचा दरवाजा बंद होतो आणि त्यानंतरच दोर सोडले जातात.