साखळीएवढं अंगण

भटक्या कुत्र्यांवरून जे रण पेटलं, त्यात मला उतरायचं नाही. दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२५चा आदेश, २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात केलेला बदल, ७ नोव्हेंबरला शाळा-रुग्णालयांच्या आवारांबद्दल आलेला आदेश, या सगळ्यावर भरपूर लिहून-बोलून झालं आहे. माझं लक्ष अडकलं ते २२ ऑगस्टच्या आदेशातल्या एका छोट्या मुद्द्यावर. ज्यांना रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. न्यायालयाने दोन ओळींत आटोपलेली ही जबाबदारी घरात कशी निभवावी लागते, ते मी दीड वर्ष जवळून पाहते आहे.

त्याआधी आमची कुत्री चिकू तेरा वर्षांची होऊन गेली. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटचे सात आठवडे रोज संध्याकाळी खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगायची, तिच्या मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई घालायची, हे माझं काम. ती गेल्यावरही सात वाजले की हात गजाकडे जायचा. कुत्र्याचं सुतक नसतं. भेटायला कुणी येत नाही, ऑफिसात रजेच्या अर्जात कारण लिहिता येत नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९मध्ये अशा दुःखाचा वेगळा विचार मांडला: माणसाला खरोखर होणारं, पण समाज ज्याची दखलच घेत नाही असं दुःख. मुंबई महापालिकेने २०२३मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनभट्टी सुरू केली, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. निरोप द्यायला निदान एक जागा झाली.

‘दुसरा आण, म्हणजे विसरशील’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. आईने एवढंच म्हटलं, ‘आणायचा तर आण बाई, पण त्याला चिकू म्हणून हाक मारू नकोस.’

पाच महिन्यांनी काळ्या आला. गावाबाहेरच्या एका गोदामाच्या आवारात तो खुंट्याला बांधलेला असायचा. साखळी चार हातांची. तिच्या टोकापर्यंत जाऊन फिरून-फिरून जमिनीवर अर्धचंद्रासारखा गवत नसलेला पट्टा पडला होता. मानेत पट्टा रुतून जखम झाली होती, अंगावर लूत, कानांत गोचिडांची पुंजकी. मालकाने ‘न्या, काही कामाचा नाही’ म्हणून तो देऊन टाकला.

पहिले दिवस डॉक्टरांच्या हुकमाबाहेर पाऊल टाकलं नाही. उपाशी राहिलेल्या कुत्र्याला मायेपोटी पातेलंभर दूधभात घालावासा वाटतो, तो घालू नये. आटलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढळतो आणि जिवावर बेततं. थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. गोचीडतापासाठी रक्त तपासायचं, लस डॉक्टर म्हणतील तेव्हा. आंघोळीची घाई नको. औषधपाण्याचं हे वेळापत्रक चिकूमुळे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं. प्राणी गमावलेल्या माणसाने दुर्लक्षित कुत्रा आणावा की नाही, या प्रश्नावर माझा कल ‘आणावा’ असाच आहे, आणि त्याचं पहिलं कारण हे की त्या माणसाच्या हातांना काम ठाऊक असतं.

पण मनाला घाई असते. चिकू दाराशी यायची, मांडीवर डोकं ठेवायची. ते हवं असतं, आणि लगेच हवं असतं.

काळ्याची साखळी मी अंगणात सोडली. अंगण चांगलं चाळीस फुटांचं आहे. तो उठला आणि पेरूच्या झाडाभोवती चार हातांच्या वर्तुळात फिरायला लागला. कुणी बांधलेलं नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या की बसायचा, पुन्हा उठून त्याच वाटेने. वाटी वर्तुळाच्या बाहेर वीतभर सरकवली तर मान लांब करून वास घ्यायचा, पाय उचलायचा नाही. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. पट्टा लावून मी त्याला घराकडे ओढलं. त्याने अंग जमिनीला चिकटवलं, डोळे मिटले आणि तिथेच लघवी केली. पुढचे चार दिवस मी अंगणात असताना तो जेवला नाही.

त्या आठवड्यात मी मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचं काम पुन्हा काढून वाचलं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते प्रयोग पाठ असतात. १९६७मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी कुत्र्यांना बांधून विजेचे झटके दिले. काहीही केलं तरी थांबणार नाहीत असे. नंतर त्याच कुत्र्यांना एका पेटीत सोडलं. तिथे मधला आडोसा ओलांडला की झटका बंद. ज्यांना आधी काहीच करता आलं नव्हतं, त्यांतल्या बहुतेकांनी उडी मारलीच नाही. कण्हत पडून राहिले. प्रयोग क्रूर होता, आणि तो वाचताना आजही पोटात कालवतं. त्याचा निष्कर्ष जगभर पसरला: असहायता शिकली जाते.

पुढचा भाग मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. पन्नास वर्षांनी, २०१६मध्ये, याच दोघांनी आपलाच निष्कर्ष उलटा केला. मेंदूच्या अभ्यासातून त्यांच्या लक्षात आलं की दीर्घ त्रासात हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते उलट: ‘मी काही केलं तर काही बदलतं’ हे. ते शिकलं की मेंदूचा पुढचा भाग त्या जुन्या प्रतिक्रियेला आवर घालतो.

हे वाचून माझी काळ्याकडे बघण्याची नजर बदलली. त्याच्यात घुसलेली वाईट गोष्ट काढून टाकायची, असं मी धरून चालले होते. त्याच्याकडे मुळात एक गोष्ट कधी आलीच नव्हती. सेलिगमन यांच्याच पथकाने १९६८मध्ये अशा कुत्र्यांना पट्ट्याने पुन्हा-पुन्हा आडोशापलीकडे ओढून नेलं आणि शेवटी ते आपण होऊन उड्या मारू लागले, हेही खरं. पण त्या पेटीत पलीकडे गेल्याबरोबर झटका थांबत होता. सुटका तत्काळ कळत होती. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे सुख आहे, हे काळ्याला कोण सांगणार?

कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनेक वर्षं अभ्यास करत आहेत. परदेशी प्रयोगशाळांतल्या पाळीव कुत्र्यांवरून आपल्या गल्लीतल्या कुत्र्याबद्दल बोलण्याची सवय त्यांच्या गटाने मोडली, आणि मला त्यांच्याबद्दल यासाठी मनापासून आदर आहे. त्यांच्या २०१७च्या एका अभ्यासात अनोळखी माणसं रस्त्यावरच्या कुत्र्यांना पुन्हा-पुन्हा भेटली; काहींनी जास्तीचं खाणं दिलं, काहींनी कुरवाळलं. कुरवाळलेल्या कुत्र्यांचा माणसावरचा विश्वास अधिक वाढला. हे वाचून कुणी घाबरलेल्या कुत्र्याला कवटाळू नये. ती कुत्री मोकळी होती. नको वाटलं तर उठून जाऊ शकत होती, आणि त्या हाताची किंमत माझ्या मते त्यामुळेच होती.

मग मी ओढणं बंद केलं. दोन वाट्या ठेवू लागले, एक वर्तुळात, एक बाहेर. कुठली घ्यायची ते त्याने ठरवायचं. मी पाठ करून बसायचे. तो जवळ आला तर हाताची मूठ खाली सोडायची, तीन मोजून हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. पुन्हा हवं असेल तर तो नाक लावेल. कुत्री वाचवणाऱ्या कार्यकर्त्यांत ‘तीन-तीन-तीन’ असा एक हिशेब आहे: तीन दिवस बिचकणार, तीन आठवड्यांत घर कळणार, तीन महिन्यांत रुळणार. धीर द्यायला तो ठीक आहे. काळ्याने बाहेरच्या वाटीला तोंड लावलं ते सव्विसाव्या दिवशी. उंबरा ओलांडला तो चौथ्या महिन्यात, आई भाकऱ्या थापत असताना. ती वळली नाही, हाक मारली नाही. थापत राहिली.

रविवारी दुपारी मैदानात मंडप घालून जी दत्तक शिबिरं होतात, तिथे बहुतेकांचे हात पिल्लांकडे जातात. पिल्लांची गरजही खोटी नाही. भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरची ३६४ पिल्लं पाहिली, त्यांतली केवळ १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणूस होता. पण बांधून-बांधून मोठी झालेली, म्हातारी, लुतीने केस गेलेली कुत्री संध्याकाळी तशीच परत जातात. सही घेतली, फोटो काढला, संपलं, असं चालणार नाही. पहिल्या चार महिन्यांत दत्तक घेणाऱ्याला फोन करणारं कुणीतरी हवं. अर्ज पालिकेकडे करायचा असेल, तर हे कामही पालिकेने आपलं मानावं.

आणि साखळीबद्दल कायदा काय म्हणतो? १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११मध्ये फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही, तर तोही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. दशकं लोटली, तरी ही रक्कम तीच आहे.

काळ्याच्या लसीसाठी गेल्या महिन्यात आम्ही गोदामावरून गेलो. तो गाडीत मागच्या सीटवर झोपला होता, मी त्याला उठवलं नाही. आवारात खुंटा तोच. त्याला दोन-अडीच महिन्यांचं एक तांबूस पिल्लू बांधलं होतं. साखळीही तीच असावी. तिच्या वजनाने पिल्लाची मान खाली गेली होती. मी उतरून फाटकाशी गेले. रखवालदार ओळखीचं हसला आणि म्हणाला, ‘ताई, राखणीला कुणीतरी लागतंच ना.’

मी फोटो काढले. सोमवारी तक्रार देते आहे.