कुंडीतली भाजी आणि किडीचा जीव

मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत खिडकीच्या लोखंडी जाळीवर तुळस आणि कढीपत्ता यांच्या जोडीला आता मेथी, कोथिंबीर, पालक, मिरची, टोमॅटो यांच्या कुंड्याही दिसू लागल्या आहेत. बाजारातील भाजीवर कोणती फवारणी झाली असेल, ही शंका त्यामागे असते. पण घरची भाजी वाढू लागली की महिन्याभरात पानामागे मावा दिसतो, कढीपत्त्यावर अळी चढते आणि श्राविकेपुढे एक नवाच प्रश्न उभा राहतो. विषारी भाजी नको म्हणून लावलेल्या रोपावर आता आपणच विष फवारायचे काय?

गाजर देत असलेला धडा

आपल्या घरांत गाजर येत नाही. ते कंदमूळ आहे, अनंतकाय आहे, आणि ते काढायचे म्हणजे रोप मुळासकट उपटायचे. तरीही किडीपासून रक्षणाचा एक चांगला धडा गाजरच देते. युरोपच्या थंड हवेत गाजरमाशी नावाची एक छोटी माशी पानांच्या वासावर येते आणि रोपाजवळच्या मातीत अंडी घालते. तिच्या अळ्या मुळाला पोखरतात. कीड जमिनीत दडलेली असल्यामुळे ती दिसेपर्यंत पीक गेलेले असते. त्यामुळे तेथील घरगुती बागायतदार माशी मारण्याच्या मागे न लागता तिची वाटच अडवतात. वाफ्यावर बारीक जाळी अंथरतात किंवा भोवती सुमारे ६० सेंटीमीटर उंचीचा आडोसा उभा करतात, कारण ही माशी जमिनीलगत उडते. बी विरळ पेरतात, म्हणजे रोपे उपटून विरळणी करावी लागत नाही आणि चुरगळलेल्या पानांचा वासही सुटत नाही.

तोटा भरून काढण्यापेक्षा तो होऊ न देणे स्वस्त पडते, हे पेढीवर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. किडीच्या बाबतीत ते स्वस्त तर आहेच, शिवाय अहिंसेला अधिक जवळचेही आहे.

‘सेंद्रिय’ म्हणजे ‘अहिंसक’ नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रासायनिक औषध टाळून कडुनिंबाचे तेल फवारले की दोष लागत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कडुनिंबातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीची भूक मंदावते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. अळी तत्काळ मरत नाही, पण पुढच्या अवस्थेत जाऊ न शकल्याने मरते. साबणाचे पाणी माव्याच्या अंगावरील संरक्षक थर नष्ट करते. पिवळ्या चिकट सापळ्यांवर पांढरी माशी चिकटते आणि तेथेच तडफडते. दशपर्णी अर्कही कीड मारण्यासाठीच बनवला जातो. मित्रकीटक सोडण्याचा उपाय निसर्गाला धरून आहे खरा, परंतु ढालकिडा मावा खातो म्हणूनच तो विकत आणला जातो. हातून होणारी हिंसा त्यात दुसऱ्याकरवी होते एवढाच फरक.

मातीसाठी हे सर्व उपाय रसायनांपेक्षा बरे आहेत, यात वाद नाही. पण श्रावकाचा हिशेब निराळा असतो. संसार चालवताना घडणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही. पाने खुडताना एकेंद्रिय जीवाला इजा होते, माती हलवताना गांडुळासारख्या द्वींद्रिय जीवाला धक्का लागू शकतो. मात्र जीव दिसत असताना, त्याला मारण्याच्या हेतूने फवारणी करणे ही संकल्पी हिंसा होय. ती टाळणे गृहस्थाच्या हाती आहे.

चातुर्मासात कुंडीलाही विश्रांती

पहिला उपाय आपल्या पंचांगातच आहे. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत कीड आणि बुरशी दोन्ही झपाट्याने वाढतात, आणि नेमक्या त्याच काळात अनेक जैन घरांत पालेभाजी वर्ज्य असते. मग त्या चार महिन्यांत पालेभाजी पेरावीच कशाला? कुंड्या रिकाम्या ठेवून आडोशाला घ्याव्यात आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर हवा कोरडी होऊ लागली की पेरणी करावी. मेथी साधारण महिन्याभरात आणि कोथिंबीर दीड महिन्याच्या आत हाती येते. पीक जितके अल्पमुदतीचे, तितका किडीला बस्तान बसवण्यास कमी अवधी मिळतो.

जाळी, दिवा आणि खत

पेरणीच्या दिवशीच कुंडीवर तारेची कमान करून जाळी घालावी आणि तिच्या कडा दोरीने घट्ट बांधाव्यात. कीड आल्यावर घातलेली जाळी तिला आतच कोंडते. साध्या मच्छरदाणीच्या कापडाने फुलपाखरे आणि पतंग अडतात, परंतु पांढरी माशी व मावा इतके लहान असतात की त्यांच्यासाठी शेतीच्या दुकानात मिळणारी ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळीच हवी. पालेभाजीला परागीभवनाची गरज नसल्याने ती अखेरपर्यंत जाळीत राहू शकते. टोमॅटोची फुललेली फांदी हलकेच हलवली तरी फळ धरते. काकडी किंवा दुधीच्या बाबतीत मात्र फुलोऱ्यात जाळी काढावी लागते, नाहीतर नर फुलातील पराग हाताने मादी फुलाला लावावा लागतो. त्यानंतर कोवळ्या फळाला कापडी पिशवी बांधली की फळमाशी त्यात अंडी घालू शकत नाही.

अळ्यांच्या माता असलेले बहुतेक पतंग रात्री उडतात आणि उजेडाकडे ओढले जातात. म्हणून सूर्यास्तानंतर बाल्कनीतला दिवा विनाकारण जळत ठेवू नये. दिव्यावर झेपावणाऱ्या जीवांचा विचार आपल्या रात्रिभोजन-त्यागातही आहेच.

खताचा अतिरेक टाळावा. नत्र जास्त झाले की कोंब लुसलुशीत होतात आणि मावा त्यांवरच जमतो. पाणी सकाळी घालावे. वरची माती मधून मधून सुकू दिली तर मातीतल्या बारीक माश्या वाढत नाहीत. मुंग्या अडवण्यासाठी कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी. त्यात मुंग्या बुडतात, आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची पैदास होते. पाण्यात पडलेल्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

पानांचे पडिलेहण

एवढे करूनही कीड येते. वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करण्याची आपली रीत अशा वेळी पानांनाही लागू करावी. रोज सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी, प्रत्येक पानाची मागची बाजू पाहावी. माव्याची मादी नराविना थेट पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्ले सात ते दहा दिवसांत स्वतः प्रजननक्षम होतात. पहिल्या दिवशी दिसलेले चार जीव आठवड्याने शेकडो होतात. म्हणजेच उशीर केला तर जीवहानीही मोठी होते. चारच असताना ती डहाळी अलगद खुडून इमारतीच्या आवारातील गवतात ठेवता येते. त्यातले सगळे जगतील असे नाही. येथे दावा निर्दोषतेचा नाही, जयणेचा आहे.

कढीपत्त्याची अळी तर शत्रू मानण्याचे कारणच नाही. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि नंतर हिरवीगार होणारी ही अळी म्हणजे बहुधा बहुरूपी किंवा लिंबाळी या फुलपाखराचे बालपण असते. बोरिवली आणि मुलुंड या दोन्ही बाजूंना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असल्याने तेथील बाल्कन्यांत ही पाहुणी हमखास येते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा तिचा प्रवास साधारण महिन्याभरात संपतो. कढीपत्त्याची दोन रोपे लावून एक तिच्यासाठी सोडावे, आणि दुसऱ्यावर आलेली अळी पानासकट उचलून पहिल्यावर ठेवावी. पाने पुन्हा फुटतात.

शहरात भाजी पिकते, हे आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोलकर यांची पद्धत हा तिचा आधार होता. जैन घरापुढील प्रश्न त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. मेथीची एखादी जुडी कमी निघाली तर बाजारातून आणता येते, फवारणीत गेलेला जीव कोठूनच आणता येत नाही. पेरण्यापूर्वीच त्या एका जुडीचा तोटा मनोमन खर्ची टाकणाऱ्या श्राविकेला औषधाच्या बाटलीपाशी थांबावे लागत नाही.