चांद्रस्मृतींची पारख

अंतराळयात्रेच्या स्मृतिचिन्हांचा संग्रह हा छंद मोठा मोहक. परंतु श्रोते हो, त्यांतील खऱ्याखोट्याची पारख करावी तरी कशी?

हॉलंडचे माजी पंतप्रधान विलेम ड्रेस यांना १९६९ साली अमेरिकेच्या राजदूतांनी एक दगड भेट दिला. ड्रेस यांच्या निधनानंतर तो चांद्रशिला म्हणून ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये जतन झाला. देणारा थोर, घेणारा थोर. मग शंका घेणार कोण? २००९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा ते निघाले दगड बनलेले प्राचीन लाकूड!

याच्या अगदी उलट प्रकार एका पिशवीचा. ‘अपोलो-११’च्या यात्रींनी चंद्रावरील माती जिच्यातून आणली, त्या पिशवीची नोंद दप्तरात चुकली आणि २०१५ साली सरकारी लिलावात ती अवघ्या ९९५ डॉलरांना गेली. खरेदीदार बाईंनी ती ‘नासा’कडे तपासणीस धाडली. तिच्यात चांद्रधूळ सापडताच ‘नासा’ने ती परत देण्याचे नाकारले, न्यायालयाने मात्र बाईंचा हक्क मान्य केला. २०१७ मध्ये लिलावात त्या पिशवीला १८ लाख डॉलर आले.

तात्पर्य, थोरांचे नाव वा दप्तरातील नोंद ही अस्सलपणाची हमी नव्हे. वस्तूची साक्ष प्रयोगशाळा देते, मालकीची साक्ष खरेदीचा कागद. सुज्ञ संग्राहकाने दोन्ही साक्षी तपासूनच थैली सैल सोडावी.