कुमारवयीन वाचक आणि गावचे ग्रंथालय

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी होऊन तदनुसार त्यांना अनुदान मंजूर होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या अनुदानातून घेतलेली ग्रंथसंपदा नेमकी कोणत्या वयाच्या हाती पडते, याचा विचार क्वचितच होतो. माढा तालुक्यातील मोडनिंबासारख्या, पुणे–सोलापूर महामार्गावरील गावी आसपासच्या खेड्यांतून शिकावयास येणारी नववी-दहावीची मुले बालविभागातील चित्रमय पुस्तकांना वयाने ओलांडून गेलेली असतात, आणि प्रौढांच्या कादंबऱ्यांपाशी मात्र संकोचून उभी राहतात. माझ्या मते ग्रंथालयाची खरी परीक्षा याच वयात होते.

त्यांच्यासाठी फार मोठ्या खर्चाची तजवीज लागते असेही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, कुमार विश्वकोशाचे खंड, चरित्रे, विज्ञानकथा आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके एका स्वतंत्र फडताळात, मुलांना स्वहस्ते काढून चाळता येतील अशी मांडावीत. कुलूपबंद कपाटातील पुस्तक मागण्याइतके धैर्य या वयात सर्वांपाशी नसते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आणि मराठी विश्वकोश आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. सबब एक संगणक, इंटरनेटची जोडणी आणि मार्गदर्शनास तत्पर ग्रंथपाल एवढ्यावर बरेच साधते.

पालकांनी आपल्या मुलामुलींची नावे गावच्या ग्रंथालयाच्या सभासद-नोंदवहीत अवश्य घालावीत, आणि पुस्तकांची निवड मात्र त्यांची त्यांना करू द्यावी.