वाण्याचं पोट पातेऱ्यात

मृगाचा पाऊस मुरला की गुहागर तालुक्यातल्या हेदवीत जांभ्याच्या गडग्यांवरून आणि परसातल्या फणसाखालून वाणी हिंडू लागतात. हात लागताच ते वेटोळं करून पडून राहतात, म्हणून कुणी त्यांना पैसा म्हणतं. असा एखादा वाणी काचेच्या पेटीत ठेवून मुलांना दाखवावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. पण मूठभर माती आणि वर काकडीची चकती एवढ्यावर त्याचं भागत नाही. पेटीत खरी जपायची ती माती आणि पातेरा. ती दोन्ही नीट राहिली की वाण्याकडे वेगळं बघावं लागत नाही.

याचं कारण त्याच्या शरीरात आहे. कीटकांच्या कातडीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो अंगातलं पाणी राखतो. वाण्याकडे असं संरक्षण फार तोकडं आहे, म्हणून कोरड्या हवेत तो झपाट्याने सुकतो. त्याचं अन्नही त्याच ओलाव्यात तयार होतं. पडलेल्या पानांत आणि लाकडात बुरशी व जिवाणू शिरले, ती मऊ झाली, की मगच ती त्याच्या कामाची. खाल्लेल्यातला थोडाच भाग अंगी लागतो. उरलेलं लेंड्यांवाटे बाहेर पडतं, त्यांवर पुन्हा जिवाणू वाढतात आणि कित्येक जाती त्या लेंड्या परत खातात. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. ती अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण रोजचं जेवण म्हणून ती निरुपयोगी आहे.

म्हणून पेटीत माती, कुजकं लाकूड आणि कुजलेली पानं यांचा थर निदान वाण्याच्या लांबीइतका खोल हवा. १० ते १५ सेंटिमीटर असला तर उत्तम. मूठ आवळली की मातीचा गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. वर फणसाचा किंवा ऐनाचा पातेरा पसरावा. हापूसच्या बागेतला मात्र आणू नये, कारण मोहोरावर मारलेल्या कीटकनाशकांचा अंश पानांवर राहू शकतो. वाण्याचं कवच चुन्याने टणक होतं आणि कोकणातल्या जांभ्या मातीत चुना कमीच, तेव्हा समुद्रफेनाचा तुकडा किंवा अंड्याच्या टरफलांची पूड घालावी. कात टाकायला तो मातीत पोकळी करून आत बसतो आणि टाकलेली कात बहुधा खाऊन टाकतो, त्यामुळे चुना वाया जात नाही. तो आठवडेच्या आठवडे दिसला नाही म्हणून माती उकरू नये. त्या वेळी त्याचं अंग मऊ असतं, बोटाचा धक्काही जिवावर बेतू शकतो.

आणलेला पातेरा आधी भाजून निर्जंतुक करावा, असंही सुचवलं जातं. माश्यांच्या अळ्या आणि गोमी आत येतील ही भीती खोटी नाही. पण भाजल्याने त्यांच्यासोबत वाण्याला हवी असलेली बुरशी आणि जिवाणूही मरतात. त्यापेक्षा पानं हाताने निवडून घ्यावीत. वाणी विषारी असतो ही शंकाही अर्धी खरी आहे. अनेक लांबोळ्या जाती त्रास दिला की अंगातून क्विनोन रसायनं सोडतात. त्यांनी कातडीवर तपकिरी डाग पडतो, डोळ्यात गेली तर आग होते. हाताळून झालं की हात धुवावेत, आणि लहान मुलांच्या हाती तो देऊच नये.

सर्वांत वजनदार आक्षेप विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा आहे. खरिपात सोयाबीन आणि कपाशीची कोवळी रोपं वाणी कुरतडतात, दुबार पेरणीची वेळ आणतात. त्यांना पाळायचं कशाला? हे नुकसान खरं आहे. पण त्यावरचा नेहमीचा उपायच पाहा: शेतात ओल्या गवताचे ढीग ठेवायचे आणि सकाळी त्यांखाली जमलेले वाणी गोळा करायचे. रोपं शेजारी असूनही ते ओल्या, कुजत्या ढिगाखाली गोळा होतात, त्याअर्थी त्यांची ओढ कुठे आहे ते उघड आहे. तरीही या आक्षेपातून एक पथ्य निघतंच. एका गावचा वाणी दुसऱ्या गावच्या शेतात सोडू नये, आणि परदेशातून आणलेला फूटभर लांबीचा आफ्रिकी वाणी तर कुठेच सोडू नये. हेदवीच्या परसातून उचललेला असेल तर तो पावसाळा सरण्याआधी, जमीन ओली असतानाच, त्याच फणसाखाली परत ठेवावा.