राजीनामा : एक पाहुणा शब्द

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या नसरापुरचा माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त उत्तर हिंदुस्थानांत गेला. तेथें घरभाड्यावरून त्याच्यावर दावा झाला. त्याचा वकील म्हणाला, "राजीनामा लिहून द्या, म्हणजे प्रकरण मिटेल." बिचारा घाबरला ! भाड्याच्या तंट्यासाठीं नोकरी सोडावयाची कीं काय ? त्यानें मला पत्रानें सल्ला विचारला.

घोटाळा शब्दाचा होता. 'राजी' हा मूळचा अरबी शब्द. अर्थ, संतुष्ट किंवा कबूल. 'नामा' म्हणजे लेख, हा फार्शी. मिळून संमतीचा लेख. हिंदी मुलखांतील कोर्टांत दोन्ही पक्षांच्या तडजोडीच्या लेखास राजीनामा म्हणतात. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारांत जमीन सोडणारा खातेदार 'राजीनामा' देई व ती घेणारा 'कबुलायत' लिहून देई. स्वखुशीनें हक्क सोडण्याचा हा अर्थ पुढें नोकरीसही लागला असावा, असें मला वाटतें.

'शिकस्त' शब्दाचें असेंच झालें. फार्शींत त्याचा अर्थ मोडणें, पराभव. उर्दूंत आजही तोच. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतों, ती जिंकण्यासाठीं !

हें केवळ मराठींतच घडतें असें नाहीं. चिनी भाषेंत 'गोंगफू' म्हणजे श्रम, वेळ किंवा कौशल्य. तींच दोन चिनी अक्षरें कोरियांत 'गोंगबू' अशीं वाचतात आणि अर्थ होतो अभ्यास. शाळकरी पोरांच्या तोंडीं हा शब्द रोजचा. सेजोंग राजानें १४४६ मध्यें कोरियन भाषेसाठीं स्वतंत्र लिपि जाहीर केली. कालांतरानें लिहिण्यांतून चिनी अक्षरें बहुतेक मागें पडलीं. परंतु त्यांच्यापासून झालेले शब्द राहिले. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राज्यव्यवहारकोश झाला, फार्शी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले गेले. तरी कित्येक पाहुणे मराठीच्या घरांत राहिलेच.

म्हणून शब्दाचें कुळ कोशांत जरूर शोधावें. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश त्यास उपयोगी आहे. पण सही करण्यापूर्वीं त्या गांवीं त्या शब्दाचा अर्थ काय, हें तेथल्या माणसासच विचारावें. मीं विद्यार्थ्यास तेंच कळविलें. त्यानें वकिलाकडून अर्थ समजून घेऊन राजीनामा दिला, आणि त्याची नोकरी शाबूत राहिली.