काळ्या पाषाणाचें वय व समुद्रांतील सूक्ष्म कवचें

विहीर खणतांना मुरूम संपला कीं मांजऱ्या लागतो, पुढें काळा पाषाण, आणि कोठें कोठें दोन पाषाणांमध्यें तांबड्या मातीचा पट्टा आढळतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. प्रत्येक पाषाण म्हणजे भूगर्भांतून आलेल्या लाव्ह्याचा एकेक लोट होय. तोच झिजून आपली काळी जमीन झाली. हे लोट केव्हां वाहिले, ह्याचा एक उत्तम पुरावा मात्र महाराष्ट्रांत न सांपडतां गोदावरीच्या मुखाकडे, आंध्र प्रदेशांतील राजमहेंद्रीच्या खाणींत सांपडला, ही मौजेची गोष्ट आहे.

तेथें पाषाणाच्या दोन थरांमध्यें समुद्री गाळाचा थर आहे. त्यांतील शिंपल्यांचें वर्णन नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं १८६० सालींच प्रसिद्ध केलें होतें. परंतु नेमकें वय ठरविण्यास उपयोगी पडले ते फोरॅमिनिफेरा नांवाचे एकपेशीय जीव. ह्यांचें चुन्याचें कवच बहुधा वाळूच्या कणाएवढेंच असतें, व जीव मेल्यावर तें तळच्या गाळांत बसतें. ह्यांच्या जाती लवकर बदलतात आणि तरंगणाऱ्या जाती प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. म्हणून निरनिराळ्या देशांतील थर एकमेकांशीं ताडून पाहतां येतात. तेलाच्या विहिरीचें छिद्रक मोठा शिंपला चुरडून टाकतें. हीं कवचें मात्र पुष्कळदां अखंड वर येतात.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं डायनोसॉरांबरोबरच तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या बहुतेक जाती नष्ट झाल्या व त्यामागून अगदीं बारीक अशा नव्या जाती आल्या. राजमहेंद्रीच्या मधल्या थरांत ह्याच नव्या जाती असल्याचें गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं दाखविलें. अर्थात् खालचा पाषाण त्यांच्या आधींचा, वरचा नंतरचा. ह्या पाषाणांचे घटक महाबळेश्वराकडील पाषाणाशीं जुळतात. तेव्हां हें वय आपल्याकडेही लागू पडतें.

येथें एक सावधगिरी लागते. पुरानें डोंगरावरची माती जशी आपल्या शेतांत येऊन बसते, तशीं जुन्या थरांतलीं कवचेंही नव्या गाळांत मिसळतात. म्हणून थराचें वय त्यांतील सर्वांत नव्या जातीवरून धरावें लागतें.

पाण्याची खोलीही ह्यांवरून कळते. खाडीच्या मचूळ पाण्यांत राहणाऱ्या जाती निराळ्या, खोल समुद्रांतल्या निराळ्या. आणि किनाऱ्यापासून दूर जावें तसतसें गाळांत तरंगणाऱ्या जातींचें प्रमाण वाढतें. एकाच जागीं खालून वर थर पाहत गेलें कीं समुद्र पुढें सरकला कीं मागें हटला, हें समजतें. राजमहेंद्रीस दोन लोटांच्या दरम्यान उथळ समुद्र व खाडी होती, आणि मध्यंतरीं जमीन उघडी पडून तीवर मातीही बनली. समुद्र वर आला कीं जमीन खचली, हें मात्र एका जागेवरून ठरत नाहीं. त्याकरितां दूरदूरचे किनारे पाहावे लागतात.

डायनोसॉरांचा नाश ह्या लाव्ह्यानें झाला कीं मेक्सिकोंत पडलेल्या उल्केनें, हा वाद मिटलेला नाहीं. केलर ह्यांचा कल लाव्ह्याकडे, पुष्कळांचा उल्केकडे. आमच्या मतें राजमहेंद्रीच्या पुराव्यावरून दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या एवढेंच दिसतें.

२००९ सालीं ह्याच संशोधकांनीं नागपुराच्या उत्तरेस, छिंदवाडा जिल्ह्यांतील झिलमिली येथेंही दोन पाषाणांमधल्या थरांत तशींच समुद्री कवचें आढळल्याचें प्रसिद्ध केलें. त्यावरून समुद्राचा एखादा फांटा त्या वेळीं मध्य हिंदुस्थानांत शिरला असावा, असा तर्क त्यांनीं केला आहे. आज तेथून कोणताही समुद्र शेंकडों किलोमीटर दूर आहे.